मेणावरचा चावा

सकाळी साडेनऊला मावशी कुलूप काढत, आधी स्पिरिटचा दिवा पेटवत आणि मग खिडकी उघडत. उलटं केलं की वाऱ्याने चार काड्या वाया जात. सव्वीस वर्षं हाच क्रम होता. खोली लहान, उत्तरेला तोंड करून असलेली. उन्हाळ्यातही गार, आणि थंडीत तर बोटं वाकवताना त्रास. पण मेणाच्या कामाला गार खोलीच बरी, म्हणून मावशींनी कधी कुरकुर केली नाही. खाली सायकलदुरुस्तीचं दुकान, वर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना, आणि दवाखान्याच्या मागच्या दाराने गेलं की ही खोली. एक लांब टेबल, नळ, पोलादी कपाट, आणि फळीवर रांगेने मांडलेले प्लास्टरचे जबडे.

मावशी कवळ्या करत. त्या या कामाला लागल्या तेव्हा आताचे डॉक्टर शाळेत होते. पुढे वडिलांकडून दवाखाना त्यांच्याकडे आला, "आणि त्यासोबत मावशीही आल्या," असं ते येईल त्याला सांगत. ते मावशी म्हणत म्हणून सगळेच म्हणू लागले. कामात मावशींचा हात धरणारं कोणी नव्हतं. लोकांना वाटतं कवळी म्हणजे टोपीसारखी, मापाची निवडायची आणि घालायची. तसं नसतं. आधी हिरड्यांचं माप, त्यावरून प्लास्टरचा साचा. मग नालाच्या आकाराचे मेणाचे दोन जाड कठडे, वर एक आणि खाली एक, तोंडात बसवून माणसाला चावायला सांगायचं, म्हणजे त्याचे जबडे कुठे आणि किती मिटतात ते कळतं. मग त्याच मेणात एकेक दात रोवायचा, हिरड्या कोरायच्या आणि ती मेणाची कवळी तोंडात घालून बघायची. बोलायला लावायचं, हसायला लावायचं. मेण आहे तोवर सगळं बदलता येतं. एकदा उकळत्या पाण्याने मेण गेलं आणि त्याच्या जागी पक्कं गुलाबी प्लास्टिक आलं, की झालं ते झालं.

काका-काकू आले ते ऐन थंडीत. काका नकाशे काढायच्या कचेरीतून निवृत्त झालेले, बारीक अंगाचे, शर्टाची बटणं गळ्यापासून मनगटापर्यंत लावलेली. काकू उंच, मोकळ्या आवाजाच्या. शाळेत भूगोल शिकवून शिकवून आवाज तसाच राहिला होता. माप झाल्यावर डॉक्टर हात धूत होते तेवढ्यात त्या मागचं दार ढकलून सरळ मावशींच्या टेबलापाशी आल्या.

"तुम्हीच करणार ना? मग चांगले दणकट करा. तीन वर्षं मागे लागलेय यांच्या. हे आपले म्हणतात, चाललंय की. काय चाललंय? मऊ भात आणि कुस्करलेलं केळं. यांच्यासोबत खाऊन खाऊन माझेही दात आळशी झाले."

"बोलायला त्रास होतो का त्यांना?" मावशींनी विचारलं.

"बोलायला? दात होते तेव्हाही हे फारसे बोलत नव्हते. ते खातं माझ्याकडे आहे."

दारात उभे असलेले काका ओठ मिटून हसले. "नको म्हणत होतो मी," ते हळूच म्हणाले. एवढंच.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी मेणाचे कठडे काकांच्या तोंडात बसवले, चावायला लावलं आणि एकमेकांना चिकटलेले ते दोन नाल मावशींकडे पाठवले. मावशींनी सुरीचं टोक घालून ते अलगद सोडवले आणि खालचा नाल खिडकीच्या उजेडात धरला.

खालच्या मेणावर पुढच्या बाजूला दातांचे ठसे होते. सहा. स्पष्ट.

मावशी उठून दवाखान्यात गेल्या. "डॉक्टर, हे कोणी चावलं?"

"काकांनी. दुसरं कोण?"

"काकांना दात कुठे आहेत?"

डॉक्टरांनी मेण हातात घेतलं, फिरवून बघितलं आणि हसले. "मावशी, चेष्टा करताय. मी दिलं तेव्हा गुळगुळीत होतं."

"मी सव्वीस वर्षांत मेणाची चेष्टा केलेली नाही."

डॉक्टरांचं हसू विरलं. त्यांनी आरशात स्वतःचे दात बघितले. त्यांचे दात मोठे, चौकोनी. ठसे तसे नव्हते. शेवटी त्यांनी खांदे उडवले. मेण पिशवीत दाबलं गेलं असेल, कशावर तरी टेकलं असेल. काकांना पुन्हा बोलावलं, या वेळी मावशी खुर्चीशेजारी उभ्या राहिल्या. काकांनी आ केला. वर-खाली फक्त हिरड्या, ओल्या, गुलाबी. नवीन मेण आत गेलं, काकांनी चावलं, मेण बाहेर आलं. ठसे तिथेच होते, तसेच, सहा.

काका डोळे मिटून बसले होते. त्यांनी ते पाहिलं नाही. डॉक्टर आणि मावशींनी एकमेकांकडे बघितलं. रोग्यासमोर बोलायचं नाही ही थोरल्या डॉक्टरांची शिस्त होती.

दुपारी मावशींनी, निव्वळ राहवलं नाही म्हणून, त्या ठशांमध्ये पातळ प्लास्टर ओतलं. सुकल्यावर मेण सोलून काढलं तर सहा दातांची टोकं हातात आली. वरचे पुढचे दात. मधल्या दोघांत फट, काडी सहज जाईल एवढी. त्यातल्या डावीकडच्या दाताचा कोपरा मोडलेला. त्याच्या शेजारचा अंग चोरून उभा राहिल्यासारखा आडवा फिरलेला. तरुण दात होते. कडा झिजलेल्या नव्हत्या. चेहरे लक्षात राहत नसत मावशींच्या, पण एकदा पाहिलेलं तोंड त्या विसरत नसत, आणि हे तोंड त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मेणच ते. थंडीत आकसतं." मावशींनी पुढे काही सांगितलं नाही.

दात रोवायचं काम त्यांनी दोन दिवसांत उरकलं. काकांच्या वयाला शोभतील असे, किंचित पिवळसर, एका ओळीत, कुठे फट नाही. हिरड्या कोरल्या, दिव्याची झळ देऊन मेणाला चकाकी आणली, साचा जबड्यासारखं उघडमीट होणाऱ्या बिजागरीच्या यंत्रात अडकवला आणि ते यंत्र टेबलावर ठेवून संध्याकाळी सहाला कुलूप लावलं.

सकाळी मधल्या दोन दातांत फट होती.

शेजारचा दात आडवा फिरला होता. आणि डाव्या दाताचा कोपरा नव्हता. दात कालच नव्या पेटीतून काढलेला. मावशींनी टेबलावर, जमिनीवर, मेणाच्या भुग्यात, सगळीकडे तो तुकडा शोधला. मिळाला नाही. मग भिंग लावून दात बघितला आणि त्या खुर्चीत मागे टेकल्या. कोपरा तुटलेला दिसत नव्हता. मोडलेल्या जागेची कड वापरून गुळगुळीत झाली होती, वर्षानुवर्षं जीभ फिरल्यावर होते तशी.

मेण तापलं असेल म्हणावं तर खोलीत बोटं बधिर होत होती. कोणी हात लावला म्हणावं तर सुरीची एकही रेघ नव्हती. फिरलेल्या दाताभोवतीची मेणाची हिरडी त्या दाताबरोबर वळली होती आणि तिची चकाकी जशीच्या तशी होती. मावशी स्वतः सुरी उजवीकडून डावीकडे ओढत. तिथे कोणी सुरी ओढलेलीच नव्हती.

डॉक्टर म्हणाले, "मावशी, दोन दिवस सुट्टी घेता का?"

"घेते. हे काम झाल्यावर."

त्यांनी तिन्ही दात काढून नवे घातले. मोबाइलवर फोटो काढला. यंत्र पोलादी कपाटात ठेवलं, किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. सकाळी कपाट उघडलं. फट, आडवा दात, मोडका कोपरा. मोबाइलमधल्या फोटोत दात सरळ होते.

मावशी घाबरट नव्हत्या. रडणारी मुलं, बेशुद्ध पडणारे दांडगे पुरुष, तोंडातलं काय काय त्यांनी पाहिलं होतं. पण त्या सकाळी कपाटाचं दार धरून त्या उभ्याच राहिल्या. आज अकराला काका यायचे होते. त्यांनी पुन्हा मेण मऊ केलं, पुन्हा तीन दात बदलले. या वेळी नजर हटवायची नाही असं ठरवूनच बसल्या. साडेदहाला बोटांना लागलेलं मेण धुवायला नळाशी गेल्या आणि पाण्याच्या आवाजात मागे टिक् असा बारीक आवाज ऐकू आला, दातावर दात टेकल्यासारखा. झटकन वळून बघितलं. दात सरळ होते. यंत्राची बिजागरी मात्र किंचित उघडी होती.

अकराला त्यांनी मेणाची कवळी गार पाण्याच्या वाडग्यात ठेवली आणि वाडगा स्वतः दवाखान्यात नेला. पाण्यातही दात सरळच होते. डॉक्टरांना त्यांनी मुद्दाम दाखवले. "बघून ठेवा." डॉक्टरांनी मान डोलावली.

काका खुर्चीत बसले होते. काकू कोपऱ्यातल्या स्टुलावर वर्तमानपत्र घेऊन. "बघू या तरी नवरदेव कसे दिसतात," असं म्हणत त्यांनी चष्मा पुसला.

डॉक्टरांनी वरची कवळी बसवली, मग खालची. काकांचे आत गेलेले गाल भरून आले. ओठ वर उचलले गेले. दहा वर्षं कमी झाली.

"मिटा हळूच. आता ओठ सैल सोडा."

काकांनी ओठ सैल सोडले.

मधे फट होती.

डॉक्टरांनी हातातला छोटा आरसा खाली ठेवला. त्यांनी मावशींकडे बघितलं. वाडगा त्यांच्या हातात होता, पाणी अजून हलत होतं. वाडग्यापासून तोंडापर्यंत दीड हात अंतर, आणि त्यात एकही क्षण त्यांची नजर ढळली नव्हती.

डॉक्टरांनी घसा साफ केला. अशा वेळी माणूस सवयीचं काम करतो. "काका, साठपासून सत्तरपर्यंत मोजा. सावकाश." मेणाची कवळी घातल्यावर ते सगळ्यांना हेच सांगत, कारण त्या आकड्यांत 'स' भरपूर येतो आणि पुढचे दात चुकले असतील तर लगेच कळतं.

"साठ," काका म्हणाले. 'स'सोबत एक बारीक शीळ वाजली.

"एकसष्ट. बासष्ट."

पुन्हा शीळ. फटीतून वारा निघतो तशी. कोपऱ्यातला वर्तमानपत्राचा आवाज थांबला.

"त्रेसष्ट. चौसष्ट. पासष्ट." काकांचा आवाज घोगरा होता, तो हळूहळू सुटत, पातळ होत चालला. "सहासष्ट. सदुसष्ट." आता तो म्हाताऱ्याचा आवाज नव्हता. काकांचे डोळे विस्फारलेले, दोन्ही हात खुर्चीला घट्ट, आणि तोंड आपलं आपण चाललेलं. "अडुसष्ट. एकोणसत्तर."

ते थांबले. सत्तर आलं नाही.

"साळूताई, पाणी फार गार आहे गं."

वर्तमानपत्र जमिनीवर पडलं.

काकांनी तोंडात बोटं घालून कवळी ओढून काढली. वरची त्यांच्या मांडीवर पडली, खालची पायाशी. ते धापा टाकत होते आणि उजव्या हाताने त्यांनी डाव्या हाताचा पुढचा भाग झाकून धरला होता, शर्टावरूनच, मारेल कोणी अशा भीतीने.

काकू उठल्या. खुर्चीपाशी आल्या. मांडीवरची मेणाची कवळी त्यांनी उचलली आणि मोडक्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"हा सायकलवरून पडून मोडला," त्या म्हणाल्या. त्यांचा तो वर्गभर ऐकू जाणारा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "सहावीत होता. मीच त्याला दवाखान्यात नेलं होतं." मग त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं, जणू त्यांनी विचारलं होतं. "माझा धाकटा भाऊ. माझे केस साळिंदरासारखे उभे राहायचे म्हणून साळूताई म्हणायचा. तो सोडून कोणी म्हणत नसे. यांनाही ठाऊक नाही ते नाव. एकोणीस वर्षांचा होता. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. तो आणि हे खाणीच्या तळ्यावर पोहायला गेले आणि हे एकटे आले."

खाली दुकानात कोणीतरी चाकात हवा भरत होतं.

काकूंची नजर नवऱ्याच्या हातावर गेली. त्यांनी झाकून धरलेल्या हातावर.

"अहो, हात बघू."

काका हलले नाहीत.

"डावा. बघू."

काकूंनीच त्यांची बोटं एकेक करून सोडवली, मनगटाचं बटण काढलं, बाही कोपरापर्यंत वर सारली. कातडीवर जुने, पांढरे पडलेले डाग होते. एका कमानीत सहा.

काकूंनी मेणाची कवळी उलटी केली आणि त्या डागांवर ठेवली.

एकेक दात आपापल्या जागी बसला. फटीखाली कोरी कातडी. आडव्या दाताखाली आडवा डाग. मोडक्या कोपऱ्याखाली डाग तेवढाच अपुरा.

"खाणीच्या दगडाने सोललं म्हणालात," काकू म्हणाल्या. "पट्टी मी बांधली. पंधरा दिवस. रोज धुवून, औषध लावून. मीच."

"तो मला खाली ओढत होता," काका म्हणाले. दात नसलेल्या तोंडातून शब्द नीट येत नव्हते, पण सगळ्यांना कळलं.

काकूंनी कवळी उचलून मावशींच्या वाडग्यात ठेवली, हळू, निजलेलं मूल ठेवावं तशी.

"पक्के करा," त्या म्हणाल्या. "असेच. एकही दात हलवायचा नाही."

"काकू, तुम्ही आधी घरी जा," डॉक्टर म्हणाले. "आपण नंतर बोलू. असं काही करता येणार नाही."

काकू नवऱ्याकडे न बघता बाहेर पडल्या. काकांना बाहीचं बटण लावता येईना. शेवटी मावशींनी लावून दिलं.

त्यानंतर मेणातले दात हलले नाहीत. मावशी रोज कपाट उघडून बघत. फट, आडवा दात, मोडका कोपरा, सगळं जिथल्या तिथे. डॉक्टरांनी सांगितलं, वितळवून टाका ते आणि विषय संपवा. मावशींनी दिवा पेटवला, मेण आचेजवळ धरलं आणि परत ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. कोणाचं काम आपण मोडतोय हेच त्यांना कळेना.

पाचव्या दिवशी काका एकटे आले. मागच्या बाजूच्या जिन्याने, दवाखान्यात न जाता. टेबलापाशी उभे राहिले.

"करून टाका, बाई."

"काका, बसा आधी. पाणी देऊ?"

"ती बोलत नाही माझ्याशी." त्यांनी दोन्ही हात टेबलावर टेकले. "शेहेचाळीस वर्षांत एक दिवस गप्प बसलेली नाही ती. आता ताट ठेवते, उचलते, शब्द नाही. काल चिठ्ठी लिहून ठेवली होती. दात घाला, मग बोलेन."

"तुम्हाला भीती नाही का वाटत?"

काकांनी बराच विचार केला. "वाटते," ते म्हणाले. "पण घर फार शांत झालंय."

मावशींनी डॉक्टरांना विचारलं नाही. त्या दिवशीच मेणाची कवळी प्लास्टरमध्ये घालून साचा बंद केला, गरम केला, उघडला आणि मेण धुवायला वरून उकळतं पाणी ओतलं. मेणाचा एक गोडसर वास असतो, त्यांच्या कपड्यांनाही तो कायम असे. या वेळी वाफेतून आला तो शेवाळाचा वास, सावलीतल्या साचलेल्या पाण्याचा. त्यांनी खिडकी पूर्ण उघडली. पोकळीत प्लास्टिक भरलं, साचा आवळला आणि गरम पाण्यात सोडला. दुसऱ्या दिवशी कवळी घासून-पुसून डबीत घालून काकांच्या हातात दिली. डॉक्टरांना नंतर सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं, पण ते फक्त म्हणाले, "बरं झालं, मला लावायला लागली नाही."

पाच महिने गेले. उन्हाळा सरत आला. एका दुपारी, चारच्या सुमाराला, डॉक्टर बाहेरगावी गेलेले असताना मावशींना जिन्यावर पावलं ऐकू आली. दोन-दोन पायऱ्या टाकत, धावत आल्यासारखी. त्यामागे काकूंचा आवाज, पूर्वीसारखाच मोकळा, खणखणीत.

"अरे हळू! पडशील एखाद्या दिवशी."

काकू दारात आल्या. चेहरा टवटवीत होता. "मावशी, वेळ आहे ना? ये रे आत. लाजतोस काय असा?"

मावशींनी त्यांच्या मागे बघितलं. काका आत आले. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, केसांचा भांग दुसऱ्या बाजूला पाडलेला. ते टेबलावरच चढून बसले आणि पाय हलवायला लागले. मावशींकडे बघून हसले, आणि दात चमकले.

"मागे ठसठसतंय," ते म्हणाले. प्रत्येक 'स'ला शीळ वाजली.

"आठ दिवस झाले," काकू म्हणाल्या. "जेवत नाही, झोपत नाही. मलाही झोपू देत नाही. तसा गुणी आहे, रोज संध्याकाळी बसून लहानपणचं सगळं सांगतो, पण हे दुखणं सहन होत नाही त्याला." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि त्या बोलत बोलत बाहेर व्हरांड्यात गेल्या.

मावशींनी टेबलावरचा विजेचा दिवा जवळ ओढला. "आ करा," त्या म्हणाल्या. वरची कवळी काढली, मग खालची.

समोरचा चेहरा कोसळला. गाल आत गेले, पाठ वाकली, हलणारे पाय थांबले. म्हातारे, ओले डोळे मावशींकडे बघत होते, आणि त्यांनी मावशींचं मनगट घट्ट पकडलं.

"बाई," काका कुजबुजले. "परत घालू नका."

"काका?"

"ती धुवायला काढते ना, तेवढाच वेळ मी असतो."

दारात काकू उभ्या होत्या. फोन बंद झाला होता. त्यांनी हात पुढे केला.

"द्या इकडे. फार वेळ बाहेर ठेवत नाही मी त्याला."

मनगटावरची पकड आणखी आवळली. मावशींनी उत्तर टाळायला म्हणून खालची कवळी दिव्याखाली धरली, कुठे टोचतंय ते बघतात तशी. डावीकडे, शेवटच्या दाढेच्या मागे, गुलाबी प्लास्टिक फुगलं होतं. फुगवट्यावर चीर होती. चिरेत पांढरं काहीतरी दिसत होतं. खाली त्यांनी चौदा दात बसवले होते. त्यांनी मोजले. चौदा होते, आणि त्यामागे ते.

"अक्कलदाढ आहे का हो?" काकू जवळ येऊन वाकल्या. थोरल्या बहिणीचा काळजीचा चेहरा. "मला वाटलंच. आमच्या घरात सगळ्यांनाच त्रास झाला तिचा."

त्यांचा हात तसाच पुढे होता. मावशींनी कवळी त्यावर ठेवली. का ठेवली, हे त्यांना पुढे कधीही कोणाला सांगता आलं नाही.

काकांची बोटं त्यांच्या मनगटावरून सुटली. काकूंनी एका हाताने त्यांची हनुवटी धरली, आधी वरची बसवली, मग खालची. पाठ सरळ झाली. पाय पुन्हा हलायला लागले. दुखणं कमी व्हायला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगा, असं मावशी म्हणाल्या. आपलाच आवाज त्यांना लांबून आल्यासारखा वाटला. दोघं गेली. जिन्यावर पावलं धावत उतरली, मागून काकूंचं रागावणं, मग हसणं.

मावशी नळाशी गेल्या. ज्या तळहातावर खालची कवळी धरली होती तो ओला होता. पाणी सोडलं तर ते बोटांवरून गुलाबी होऊन उतरलं. रंग सुटला असेल म्हणून त्या हात चोळत राहिल्या. प्लास्टिकचा रंग सुटत नाही, हे सव्वीस वर्षं काम केलेल्या बाईला कोणी सांगायला नको होतं.